कचऱ्याचे शुल्क घरटी, गाळ्यावर की डब्यावर? (सांगली-मिरज-कुपवाड)

गावभागकर (धागाकर्ता)

अंदाजपत्रकाचे दिवस जवळ आले की घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पाठोपाठ कचऱ्याच्या शुल्काचा विषय निघतो, आणि "घरपट्टीत सफाईचे पैसे आधीच घेता, मग हे वेगळे कशासाठी?" या एका प्रश्नावर सुरू झालेली चर्चा त्याच प्रश्नावर संपते. प्रश्न रास्त आहे आणि कायद्याचे जाणकार त्यावर खाली लिहितीलच; पण मला इथे दुसऱ्या गोष्टीवर बोलायचे आहे. शुल्क घ्यायचेच ठरले, तर ते कोणाकडून किती घ्यावे, आणि ते कशावरून ठरवावे?

८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकावर, मग ते घर असो, टपरी असो की मंगल कार्यालय, स्थानिक संस्थेच्या उपविधीत (तिने स्वतः केलेल्या नियमांत) ठरेल ते शुल्क देण्याची जबाबदारी टाकली. १ एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा घेणाऱ्या नव्या नियमांतही शुल्काची कल्पना कायम आहे, आणि वर्गवारी आता ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याचा अशी चार प्रकारची झाली आहे. तेव्हा शुल्क अजिबात नको ही भूमिका घेऊन फार काळ टिकता येईल असे मला वाटत नाही.

आपल्याकडच्या शहरांत दर साधारण एकाच पद्धतीने ठरतात. घराला एक रक्कम, दुकानाला त्याच्या दीडपट, हॉटेलला अडीच-तीनपट, दवाखान्याला खाटांवर, असे टप्पे पाडले जातात. हे टप्पे कागदावर नीटनेटके दिसतात, पण त्यांचा प्रत्यक्ष कचऱ्याशी किती संबंध असतो हे पाहावे म्हणून आम्ही घरी ३० दिवस कचरा मोजला. माणसे चार. रद्दी, बाटल्या आणि पत्र्याचे डबे भंगारवाल्याकडे गेले ते सोडून एकूण ४१ किलो भरले. त्यात २९ किलो ओला, ९ किलो सुका, उरलेला ३ किलो इतर. माणशी दिवसाला ३४० ग्रॅमच्या आसपास. केंद्र सरकारच्या घनकचरा मार्गदर्शिकेत भारतीय शहरांसाठी माणशी २०० ते ६०० ग्रॅम असा पल्ला दिला आहे, त्यात हे बसते.

मग आमच्या कोपऱ्यावरच्या खानावळीत विचारले. मालकीणबाईंनी सांगितले की रोज ३६ किलोच्या आसपास निघतो. म्हणजे महिन्याला १,०८० किलो, आमच्या घरासारख्या २६ घरांइतका. खानावळीला घराच्या तिप्पट शुल्क लावले, तर बाकीच्या २३ घरांचा भार कोणीतरी दुसरा उचलतो. तो दुसरा म्हणजे तुम्ही-आम्ही.

माझे म्हणणे असे की रुपये ठरवण्याआधी काय मोजायचे ते ठरवावे. मालमत्ता मोजायची, व्यवसायाचा प्रकार मोजायचा, की कचरा? आपापल्या गल्लीतली, धंद्यातली माहिती लिहावी ही विनंती.

निवृत्त_लेखापाल

विषय चांगला काढलात. मी नगरपालिकांच्या लेखा विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून एक पायरी मागे जाऊन लिहितो. काय मोजायचे याच्याही आधी खर्चाचा तक्ता हवा. कचऱ्याचा खर्च म्हणून जी एकच रक्कम सांगितली जाते तिच्यात निदान पाच वेगळे खर्च असतात: दारातून गोळा करणे, डेपोपर्यंत वाहून नेणे, ओल्याचे खत करणे आणि सुक्याची छाननी, उरलेल्याची शास्त्रोक्त भरावभूमी, आणि वर्षानुवर्षे साचलेल्या जुन्या ढिगांची साफसफाई. यांतला शेवटचा खर्च आजच्या घरमालकाच्या शुल्कात घालणे मला पटत नाही. समडोळी रस्ता किंवा बेडग रस्त्याच्या डेपोवर जो जुना साठा झाला तो गेल्या काही पिढ्यांचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात असे जुने ढीग हटवणे हे एक घोषित उद्दिष्टच आहे आणि त्यासाठी निधीची तरतूद आहे.

आता फक्त गोळा करण्याचा हिशेब, उदाहरणापुरता, माझ्या अंदाजाचे आकडे धरून. एक लहान घंटागाडी. चालक १८,००० रुपये, मदतनीस १५,०००. रोज ४५ किलोमीटर धरले तर महिन्याला १,३५० किलोमीटर, लिटरला १२ प्रमाणे ११२ लिटर डिझेल, म्हणजे १०,५०० च्या आसपास. टायर, दुरुस्ती, विमा मिळून ८,०००. सात लाखांची गाडी सात वर्षे चालते असे धरले तर महिन्याचा घसारा, म्हणजे झिजेपोटी धरायची रक्कम, ८,३००. बेरीज साधारण ६०,००० रुपये. गाडीने हजार घरे केली तर घरटी ६० रुपये, सहाशे केली तर १००. प्रक्रियेचा एक रुपयाही यात नाही.

घसाऱ्याबद्दल नेहमी वाद होतो. गाडी अनुदानातून आली असेल तर तिचा घसारा नागरिकांकडून का घ्यायचा, असे विचारले जाते. प्रश्न बरोबर आहे, पण तो घेतला नाही तर सात वर्षांनी नवी गाडी घ्यायला पैसे नसतात आणि पुन्हा अनुदानाची वाट पाहावी लागते. माझ्या मते घसारा घ्यावा, मात्र तो वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्यातून दुसरे काही करू नये. (असे खाते शेवटपर्यंत वेगळे राहिलेले मी नोकरीत एकदाच पाहिले, पण ते असो.)

हळदवखार

धागाकर्त्यांनी खानावळीचे उदाहरण दिले, मी उलट बाजूचे देतो. आमची वखार गणपती पेठेत आहे. जागा मोठी, त्यामुळे चौरस फुटांवर किंवा "घाऊक व्यापार" या टप्प्यावर शुल्क लावले की आमचे नाव वरच्या रांगेत जाते. पण आमच्याकडे कचरा तो कोणता? पोती पुन्हा विकली जातात, फाटलेली सुद्धा. सुतळी विकली जाते. राहते ती झाडलोटीची माती आणि हळदीची भुकटी, आठवड्याला दोन घमेली. माझ्याच समोर एक रसवंतीगृह आहे, जागा दहा बाय दहा, आणि उन्हाळ्यात रोज चिपाडाचे सहा-सात पोते बाहेर पडते. शहाळीवाल्याचीही तीच कथा. जागेच्या आकाराचा आणि कचऱ्याचा मेळ बसत नाही, हे मला कोणत्याही महासभेत सिद्ध करून दाखवता येईल.

आणखी एक मुद्दा, जो फक्त आपल्या शहराला लागू आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर भिजलेले धान्य, गाद्या, फर्निचर यांचे जे डोंगर रस्त्यावर आले ते नेहमीच्या घंटागाडीचे काम नव्हते. तो खर्च दरवर्षीच्या शुल्कात "आकस्मिक" म्हणून मिसळू नये. ती आपत्ती आहे, तिचा निधी आपत्ती निवारणातून यावा. ज्याचे दुकान बुडाले त्याच्याकडूनच त्याच्या बुडालेल्या मालाच्या वाहतुकीचे पैसे घेणे बरे दिसत नाही.

न्यायाची_बाजू

"दोनदा पैसे" या प्रश्नाबद्दल थोडक्यात लिहिते. कर आणि शुल्क यांत फरक आहे. कराच्या बदल्यात ठरावीक सेवा मिळेलच असे वचन नसते. शुल्क मात्र विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात घेतले जाते. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक ठळकपणे मांडला. पुढच्या निकालांनी तो थोडा सैल केला आणि घेतलेले शुल्क व दिलेली सेवा यांचा पै-पैचा हिशेब जुळण्याची गरज नाही, ढोबळ संबंध पुरेसा आहे, अशी भूमिका घेतली. त्यामुळे घरपट्टीत सफाईचा अंश आहे म्हणून शुल्क आपोआप बेकायदा ठरत नाही. पण तो ढोबळ संबंधसुद्धा दाखवता आला पाहिजे, आणि तो दाखवायचा तर निवृत्त लेखापालांनी सांगितलेला तक्ताच लागतो. ज्या गल्लीत गाडी जातच नाही तिथला नागरिक "सेवा नाही तर शुल्क कशाचे" असे म्हणाला तर त्याची बाजू भक्कम आहे.

पिंपरी-चिंचवडचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तिथे २०२३ मध्ये घरटी महिना ६० रुपये प्रमाणे उपयोगकर्ता शुल्क मालमत्ता कराच्या बिलात आले, तेही मागच्या वर्षांच्या थकबाकीसह. विरोध वाढला आणि राज्य सरकारने वसुलीला स्थगिती दिली. माझ्या मते लोकांना रक्कम तितकी खुपली नाही. जी सेवा कधी मोजली नाही तिचे मागील बिल एकदम हातात पडले, ते खुपले.

मिरजेचा_डॉक्टर

खाटांवर आकारणी होते त्याबद्दल आमच्या व्यवसायातर्फे हरकत नोंदवतो. मिरजेत रुग्णालये किती आहेत हे सांगायला नको. आमच्याकडचा जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या स्वतंत्र नियमांखाली येतो. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी त्याची वर्गवारी होते, तो ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि तो उचलणाऱ्या सामाईक केंद्राला आम्ही स्वतंत्र पैसे देतो. मग पुन्हा खाटा मोजून शहराचे शुल्क का?

निवृत्त_लेखापाल

डॉक्टर, हरकत अर्धीच मान्य करता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातल्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो: जेवणाचे उष्टे, फळांच्या साली, खोकी, नातेवाइकांचे चहाचे कप. तो घंटागाडीतच जातो. मिरजेत तर एका रुग्णामागे बाहेरगावचे दोन-तीन नातेवाईक असतात. खाट हे माप फार चुकीचे नाही. मात्र ज्या दवाखान्यात खाट आहे पण स्वयंपाकघर नाही त्याला आणि ज्याचे उपाहारगृह दिवसभर चालते त्याला एकच दर नसावा.

मिरजेचा_डॉक्टर

उपाहारगृह ठेकेदाराचे असते आणि त्याचा परवाना वेगळा असतो. त्याला हॉटेलच्या टप्प्यात घाला, आम्हाला खाटांमधून सोडा, म्हणजे हिशेब सरळ होईल. नातेवाइकांचा मुद्दा मान्य आहे.

माजी_मुकादम

मी शहराचे नाव लिहीत नाही, पण एका नगरपालिकेत मुकादम म्हणून २६ वर्षे काढली आहेत. वरचे सगळे हिशेब वाचले. एक शंका आहे. एका गाडीने हजार घरे. सकाळी साडेसहा ते साडेबारा धरले तर सहा तास, म्हणजे ३६० मिनिटे. मिनिटाला जवळजवळ तीन घरे होतात. असे फक्त अपार्टमेंटमध्ये जमते, जिथे खाली डबे एकत्र ठेवलेले असतात. गल्लीत बाई वरच्या मजल्यावरून बादली घेऊन उतरेपर्यंतच एक मिनिट जाते. गुंठेवारीत, म्हणजे परवानगीविना गुंठ्यांनी पाडलेल्या प्लॉटच्या वस्तीत, तर पावसाळ्यात गाडी आत जातच नाही, चिखलात रुतते, मग मदतनीस कोपऱ्यावर भोंगा वाजवतो आणि ज्याला येता येते तो येतो, ज्याला येत नाही तो रात्री कोपऱ्यावर पिशवी टाकतो. २००१ च्या कायद्याने गुंठेवारी नियमित करण्याची वाट काढली, पण रस्ते लगेच झाले नाहीत. अशा भागाला शुल्क लावायचे तर आधी सेवा ठरवा: रोज की एकाआड एक, दारात की कोपऱ्यावर. कोपऱ्यावर असेल तर दर निम्मा ठेवा. लोक समजून घेतात. फसवणूक वाटली की मात्र देत नाहीत.

दुसरे, वसुली. पैसे दारात घ्यायचे की बिलात? पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे सभासद दारातून कचरा नेतात आणि शुल्क थेट घरातून घेतात. त्याचा फायदा मोठा आहे, कारण कचरा नेणारी बाई आली नाही तर पैसे नाहीत, आणि पैसे दिले नाहीत तर घरमालकाला तोंड दाखवावे लागते. पण ही पद्धत ज्या कामगाराचा पगार नगरपालिकेकडून येतो त्याला लावू नये. आमच्याकडे एकदा पावती पुस्तके मदतनिसांच्या हातात दिली होती. पहिल्या महिन्यात सहा जणांना शिवीगाळ झाली, दोघांच्या हिशेबात तूट निघाली (एकाने खरेच खाल्ले होते, दुसऱ्याची पावती पावसात भिजली), आणि कचरा उचलायचा सोडून माणसे सुट्टे पैसे शोधत उभी राहिली. ज्याच्या हातात कचरा आहे त्याच्या हातात पैशांचा व्यवहार द्यायचा असेल तर ते काम त्याच्या मालकीचे असले पाहिजे. पगारी माणसाकडून ते होत नाही.

तिसरे, सुक्या कचऱ्यातून जे चार पैसे मिळतात ते कोणाचे? शुल्क कमी करण्यासाठी तो पैसा महापालिकेच्या खात्यात धरावा असे कोणी सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. चांगला माल, म्हणजे रद्दी, पुठ्ठा, पत्रा, तुम्ही लोक घरीच विकता. गाडीत येते ते वेफरचे पाकीट, दुधाची पिशवी, फुटके प्लास्टिक. त्यातून वेचून मदतनीस दिवसाला चहापाणी काढतो. ते हिशेबात धरू नका.

विटेकर

मुकादमसाहेबांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. आमचे विटे लहान गाव, पण २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिले आले. त्याआधीच्या वर्षी कराड पहिले होते, २०२२ मध्ये पाचगणी. तिन्ही गावे आपल्याच सांगली-सातारा पट्ट्यातली. लोक म्हणतात लहान गावाला सोपे जाते. खरे आहे, पण लहान गावात नगरसेवकाला घरोघरी ओळखतात, त्यामुळे दर वाढवणे उलट कठीण जाते. माझे एवढेच म्हणणे आहे की कचरा वेगळा करून देणाऱ्याला आणि एकत्र देणाऱ्याला एकच शुल्क असेल तर वेगळा करण्याची सवय दोन महिन्यांत मोडते.

दूरदेशीचा_सांगलीकर

कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून तिथली पद्धत सांगतो. ती जशीच्या तशी उचलावी असे म्हणणे नाही. आमच्या शहरात प्रत्येक घराला चाके असलेले तीन डबे असतात: उरलेल्या कचऱ्याचा, पुनर्वापराच्या वस्तूंचा, आणि पालापाचोळा व अन्नाचा. बिल ठरते ते उरलेल्या कचऱ्याच्या डब्याच्या आकारावर. लहान डबा घेतला तर बिल कमी, मोठा घेतला तर जास्त. बाकी दोन डबे त्यातच. वजन कोणी करत नाही. दुकाने आणि हॉटेलांना मोठे लोखंडी डबे, आणि बिल डब्याचा आकार गुणिले आठवड्यातून किती वेळा उचलायचा यावर. दक्षिण कोरियात १९९५ पासून ठरावीक आकाराच्या पिशव्या विकत घेऊन त्यातच कचरा टाकावा लागतो. पिशवीची किंमत हेच शुल्क.

दर वाढवण्याची रीत मला जास्त सांगण्यासारखी वाटते. १९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या २१८ क्रमांकाच्या प्रस्तावामुळे दरवाढीची नोटीस प्रत्येक मालमत्ताधारकाला टपालाने पाठवावी लागते, त्यानंतर किमान ४५ दिवसांनी सुनावणी होते, आणि निम्म्याहून अधिक जणांनी लेखी विरोध केला तर दर लागू करता येत नाही. शिवाय दर सेवेच्या खर्चापेक्षा जास्त असता कामा नये, हेही त्यातच आहे. नोटिशीत खर्चाचा आधार असतो, पुढच्या काही वर्षांचे दर एकदम दिलेले असतात.

मात्र तिथेही सगळे आलबेल नाही. २०१८ मध्ये चीनने बाहेरचा टाकाऊ कागद आणि प्लास्टिक घेणे जवळपास बंद केले, तेव्हा ज्या मालातून पैसे मिळत होते तो उचलण्यासाठी पैसे द्यायची वेळ आली आणि अनेक ठिकाणी दर वाढले. पुनर्वापराचे उत्पन्न गृहीत धरून शुल्क कमी ठेवणे किती धोक्याचे आहे ते तेव्हा कळले. मुकादमसाहेबांचा तिसरा मुद्दा वेगळ्या कारणाने का होईना, बरोबर आहे.

कुपवाड_उद्योग

औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदारांच्या वतीने. आमचा घातक कचरा वेगळ्या नियमांत जातो, लोखंडाचा कीस विकला जातो, आणि उरलेला साधा कचरा आम्ही खासगी माणसाला पैसे देऊन उचलून घेतो. जिथे सेवा घेतलीच नाही तिथे शुल्क कशाचे? २०१६ च्या नियमांत दिवसाला सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक धरून त्यांच्यावर स्वतःची व्यवस्था करण्याची जबाबदारी टाकली होती, नव्या नियमांतही १०० किलोचे माप आहे. जो स्वतःची व्यवस्था करतो त्याला पूर्ण नाही तरी बरीच सूट हवी.

न्यायाची_बाजू

सूट द्यावी, पण तुमचा खासगी माणूस तो कचरा कुठे नेतो याची पावती दाखवण्याच्या अटीवर. ओढ्याच्या कडेला ओतलेला कचरा शेवटी सार्वजनिक खर्चानेच उचलावा लागतो.

भाड्याचे_घर

दोन लहान गोष्टी. शुल्क घरपट्टीच्या बिलात टाकले तर ते मालकाला जाते, आणि मालक ते भाड्यात मिळवतो. कचरा वेगळा केल्याची सूट मिळाली तर तीही मालकालाच. सूट भाडेकरूपर्यंत कशी पोहोचेल? आणि विश्रामबागेत कितीतरी बंगले वर्षातले दहा महिने बंद असतात, मुले पुण्याला. त्यांच्याकडून काय घ्यायचे?

निवृत्त_लेखापाल

बंद घराकडून गोळा करण्याचा खर्च घेऊ नये, पण गाडी त्याच्या दारावरून जातेच, म्हणून एक लहान स्थिर रक्कम घ्यावी. विजेच्या बिलात स्थिर आकार असतो तसा. भाडेकरूच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

गावभागकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद एकत्र करून एक मसुदा मांडतो. रुपये मुद्दाम लिहीत नाही, कारण ते खर्चाच्या तक्त्यावरून येतील. घराला शुल्काचे एक एकक. कोपऱ्यावर सेवा मिळणाऱ्या घराला अर्धे. बंद घराला पाव. एकत्र कचरा देणाऱ्या घराला सलग तीन नोंदी झाल्यावर दीड. ही नोंद गाडीवरच्या माणसाने न करता स्वच्छता निरीक्षकाने करावी, म्हणजे शिव्या त्याला पडणार नाहीत.

व्यवसायांना व्यवसायाच्या नावावर न लावता डब्यावर लावावे. १२० लिटरचा आणि २४० लिटरचा असे दोन डबे बाजारात सहज मिळतात. रोज १२० लिटरचा एक ओला डबा देणाऱ्याला ठरावीक एकके, सुक्याला त्याहून कमी, डबा आठवड्यातून तीनदा असेल तर त्या प्रमाणात. हळदवखारसाहेबांना आठवड्याला दोन घमेल्यांचे घराइतकेच लागेल, रसवंतीला हंगामापुरते जास्त. आमच्या खानावळीला २६ घरांइतके नाही, पण दहा-बारा एककांच्या खाली नको.

ओल्याचा दर सुक्यापेक्षा जास्त का, असे कोणी विचारेल म्हणून लिहितो. ओला कचरा जड असतो, लगेच सडतो, रोज उचलावाच लागतो, आणि त्याचे खत केले तर वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच हाती येते. 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावाने ते विकता येते, पण त्यातून वाहतुकीचा खर्च निघेल असे धरणे धाडसाचे आहे.

माजी_मुकादम

डब्याची कल्पना मला पटली, कारण काटा गाडीवर ठेवला तर रांग लागते आणि भांडण होते. डबा भरला की नाही हे दोघांनाही दिसते. ओल्या कचऱ्याचा १२० लिटरचा भरलेला डबा माझ्या अनुभवाने ५०-६० किलोपर्यंत जातो, त्यामुळे तो एका माणसाने उचलायचा नसतो हेही उपविधीत लिहा. गाडीला उचलणी हवी, नाहीतर कंबर मदतनिसाची जाते.

कोपऱ्यावरची_खानावळ

मुलाने हा धागा वाचून दाखवला, म्हणून लिहायला सांगते आहे. धागाकर्ते भाऊ, तुम्ही विचारायला आला होता तेव्हा मी ३६ किलो सांगितले ते बरोबर आहे, पण तुम्ही पुढचे विचारले नाही. त्यातले भाजीचे देठ, साली आणि उरलेली भाकरी सांगलीवाडीचा एक गवळी रोज सकाळी सायकलवरून घेऊन जातो. उष्टे एक जण डुकरांसाठी नेतो. घंटागाडीत माझ्याकडून जातो तो १२ किलोच्या आसपास, त्यात पत्रावळ्या, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले. बाकीचा कचरा माझ्याकडून निघतो खरा, पण शहराच्या गाडीत चढत नाही. मग दहा-बारा घरांचे पैसे मी का द्यावेत?

गावभागकर (धागाकर्ता)

चूक माझी आहे, ताई. मी निघालेला कचरा मोजला, गाडीत गेलेला नाही. १२ किलोप्रमाणे महिन्याला ३६० किलो होतात, म्हणजे आमच्या घरासारख्या नऊ घरांपेक्षा किंचित कमी. तक्त्यातला "निर्माण होणारा कचरा" हा रकाना "गाडीला दिलेला कचरा" असा बदलतो, आणि तुमच्यापुरती एकके आठपर्यंत खाली आणतो.

माजी_मुकादम

गवळी आला नाही त्या दिवशी काय? पावसाळ्यात नदी चढली की सांगलीवाडीकडून येणे बंद होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

कोपऱ्यावरची_खानावळ

वर्षातून दहा-पंधरा दिवस तसे होते. त्या दिवशी मी दुसरा डबा बाहेर ठेवते. त्या दिवसाचे जादा डब्याचे पैसे घ्या, पावती द्या. रोजचे म्हणून घेऊ नका.

गावभागकर (धागाकर्ता)

"नैमित्तिक जादा डबा, पावतीवर" असा वेगळा रकाना घातला आहे. मंगल कार्यालयांना आणि गणेशोत्सवातल्या महाप्रसादांनाही तोच लागू होईल. परवाना नसलेल्या जागी होणाऱ्या १०० हून जास्त माणसांच्या कार्यक्रमाची सूचना किमान तीन कामाचे दिवस आधी देण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत होतीच, तेव्हा डबे किती लागतील ते त्या सूचनेतच लिहून घेता येईल. सुधारलेला तक्ता उद्या इथेच टाकतो. लेखापालसाहेबांनी घसाऱ्याची ओळ पाहून द्यावी, आणि भाडेकरूच्या सवलतीबद्दल कोणाला काही सुचले तर त्याआधी लिहावे.